शोभेची बटणं

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत सासूबाईंनी माझा अर्धा विणलेला स्वेटर शेजारणींसमोर ओढून सगळा उसवला. एक टाका सुटला होता, एवढंच.

काही वर्षांनी त्यांची बोटं आखडली. एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये गारठा फार, म्हणून मी त्यांना बिनबोटांचे हातमोजे विणले आणि मनगटावर टपोरी, चकचकीत बटणं लावली. जेवायच्या आधी त्या ती बटणं काढायला झटायच्या, मग दमून हातमोज्यांसकटच जेवायच्या. लोकर वरणात भिजायची. मी समोर बसून बघायचे.

हिवाळा संपता संपता रडवेल्या होऊन म्हणाल्या, "तूच काढ गं बाई."

मी एका हिसक्यात हातमोजा ओढून काढला.

"काजं केलीच नाहीत, आई. बटणं नुसती शोभेची आहेत."