तुकडी ज्ञ

आमच्या हायस्कुलात प्रत्येक इयत्तेला अ, ब आणि क अशा तीनच तुकड्या होत्या. चौथी तुकडी मला कळली ती पाचवीत असताना, आणि शाळेत ती ग्रंथपाल सरांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या वर्षी आईनं अंथरूण धरलं. घरात दोन म्हशी, वैरण, भाकऱ्या, धुणं. माझी थोरली बहीण तेव्हा नववीत होती. एका सोमवारी तिनं दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. कुणी तिला शाळा सोड म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. आमच्याकडं असल्या गोष्टी अशाच होत. तिच्याजवळ ग्रंथालयाचं एक पुस्तक राहिलं होतं. ते तिनं माझ्याकडं दिलं आणि म्हणाली, "सरास्नी दे. आणि जमलं तर म्हण, अक्काचं अजून वाचून व्हायचं हाय."

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. लोखंडी कपाटं चार, त्यातल्या एकाचं दार सुतळीनं बांधलेलं. सर मोठ्या आवाजाचे होते, त्यांची कुजबुजसुद्धा मैदानावर ऐकू जायची. मी भीत भीत निरोप सांगितला. त्यांनी अक्काचं वाचक कार्ड काढलं, त्यावरचं "नववी ब" खोडलं आणि वर लिहिलं, "दहावी, तुकडी ज्ञ."

"सर, अक्का शाळेत न्हाय आता," मी म्हटलं.

"पुस्तक वेळेवर परत करती न्हवं?"

"व्हय."

"मग शाळेतच हाय की!" असं म्हणून त्यांनी तेच पुस्तक आणखी पंधरा दिवसांसाठी तिच्या नावावर लिहिलं.

तेव्हापासून माझ्या दप्तरात दोन पुस्तकं असायची, एक माझं आणि एक तिचं. तिचं जाड. अक्काला वाचायला वेळ मिळायचा तो धारेच्या वेळी, आणि तेव्हा हात मोकळे नसायचे. म्हणून ती मला गोठ्यात उंबऱ्यावर बसवायची आणि मोठ्यानं वाचायला लावायची. मला निम्मं कळायचं नाही. मी अडखळले, एखादा शब्द गिळला, कंटाळून ओळ सोडली, की चरवीतल्या धारेचा आवाज थांबायचा आणि ती म्हणायची, "परत वाच." म्हशीच्या पाठीआडून तिला माझं तोंड दिसायचं नाही, पण सोडलेली ओळ बरोबर कळायची. मला तिचा राग यायचा. बाकीच्या पोरी जिबलीचे डाव मांडायच्या आणि मी तिथं डास मारत दुसऱ्या कुणाच्या तरी राज्यातली युद्धं वाचत बसायचे.

पुढं अक्काचं लग्न झालं, गावापासून मैलभरावरच्या वाडीत. म्हशी दोनाच्या चार झाल्या, पण कार्ड तेच राहिलं. मी कोल्हापुरात राहून ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केला आणि फिरून त्याच शाळेत, त्याच जिन्याखाली सरांच्या हाताखाली अर्धवेळ लागले. येता-जाता अक्काचं पुस्तक पोचवायचं काम सुटलं नाहीच. फक्त दप्तराऐवजी पर्स आली.

सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी रबरबँड लावलेली अकरा कार्डं माझ्या हातात दिली. सगळी तुकडी ज्ञ. नववीतून, आठवीतून, एक तर सातवीतून घरी बसलेली. कुणाचं पुस्तक भाऊ न्यायचा, कुणाचं दूध संस्थेत येणारा सासरा. सर म्हणाले, "बाकीची पोरं आपल्या पायानं येत्यात. ह्यास्नी जप."

मी जपलं ते असं.

त्याच वर्षी शाळेला कॉम्प्युटर मिळाला आणि त्याबरोबर ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. राजारामपुरीतल्या एका क्लासवाल्यानं ते केलं होतं आणि सीडी हातात देऊन दोन तासांत शिकवून तो पावणा गेलाही. दाखल नोंदवहीतली साडेतीन हजार पुस्तकं मी एका बोटानं भरली. वीज जायची, भरलेलं पुसलं जायचं, मी परत भरायचे. पण मला फार अभिमान होता, हे कबूल करते. तालुक्यातून कुणी आलं की मुख्याध्यापिका बाई त्यांना आधी माझ्या खोलीत आणायच्या. एक कळ दाबली की कुठलं पुस्तक कुणाकडं आहे ते पडद्यावर! मी ज्ञ तुकडीही इमानानं भरली, दहावीच्या खाली. मग शहाणपणा असा केला, की आता कशाला हवा हा पसारा म्हणून सगळी जुनी कार्डं रद्दीत घातली. अकरासुद्धा.

जून उजाडला. पडद्यावर विचारणा आली, नवीन वर्ष सुरू करायचं का? मी हो म्हटलं. खात्री आहे का? आहे की! पाचवीची पोरं सहावीत गेली, सहावीची सातवीत, सगळं कसं क्षणात. आणि दहावीची सगळी पोरं शाळा सोडून गेली म्हणून यादीतून पुसली गेली. अ, ब, क आणि ज्ञ. आधी एक प्रत काढून ठेवायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी मी.

त्या संध्याकाळी वाडीवर गेले. अक्काला म्हटलं, "कॉम्प्युटरमधून तुझं नाव गेलंय."

"कुणी काढलं?"

"त्यानंच."

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात भेकड तीन अक्षरी थाप. "माझ्या नावावर घेत जाऊ पुस्तकं, काय बिघडत न्हाय," मी घाईघाईनं म्हटलं.

अक्का आत गेली. पदराला हात पुसत बाहेर आली ती उशाचं पुस्तक घेऊन. मध्ये ज्वारीचं पातं खुणेला घातलेलं होतं, ते तिनं काढून टाकलं. "ह्ये पण ने. सरांनी माझ्या नावावर दिलतं. नावच न्हाय तर कशाला ठिवून घिऊ?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हशींकडं वळली. त्यानंतर तीन आठवडे मी रोज वाडीवर गेले, रोज काहीतरी पुस्तक घेऊन, आणि रोज ते परत आणलं. ती चहा द्यायची, गावातल्या गप्पा मारायची, पुस्तकाचं नाव काढायची नाही. शाळा सुटली तेव्हा ती रडली नव्हती, पण आता मात्र तिचे डोळे मला सुजलेले दिसायचे. तिची दुसऱ्यांदा शाळा सुटली होती, आणि या खेपेला ती मी सोडवली होती. मला रडू आलं की मी मोरीत जाऊन तोंड धुवायचे.

शेवटी एका रविवारी वडगावला सरांच्या घरी गेले. सगळं सांगितलं, रद्दीचंही. ते ओरडतील म्हणून मी मान खाली घालून बसले होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि अकराच्या अकरा जणींची नावं हजेरी घेतल्यासारखी म्हणून दाखवली, आणि प्रत्येकीनं त्यांच्याकडून शेवटचं नेलेलं पुस्तकही. मी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या डब्यात वरीस बदललं तरी जागचं हलत न्हाईत असं कोण कोण हाय?"

"शिक्षक," मी म्हटलं.

"मग झालं की!"

सोमवारी मी दार लावून घेतलं आणि आमच्या शाळेत अकरा नव्या शिक्षिका भरती केल्या. संध्याकाळी अक्काला सांगितलं, तुझं नाव परत आलंय, आणि मीच पुसलं होतं तेही सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक होतं मला. यंत्र कशाला माझ्या वाटंला जातंय?" आणि हात पुढं केला.

पुढची दोन वर्षं सुरळीत गेली. मग शिक्षकदिनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं. टेबलावर छापलेलं प्रशस्तिपत्र होतं. सर्वांत जास्त वाचणाऱ्या शिक्षकाचा सत्कार करायची कल्पना त्यांचीच, आणि यादी ऑफिसातल्या क्लार्कनं कॉम्प्युटरवरून परस्पर काढली होती. मी अजून कायम झाले नव्हते.

"या बाई कोण? हजेरीपटावर तर नाहीत."

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, आता लपवण्यासारखं उरलंही नव्हतं. बाई कोल्हापूर शहरातल्या, शिस्तीच्या. त्यांनी तो कागद जवळ ओढला.

"यांची पुस्तकं परत येतात?"

"सगळी. तारखेच्या आधी."

"आणि आपल्या शिक्षकांची?"

बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. पेन उघडून सही केली. "व्यासपीठावर नाही बोलावता येणार. घरी नेऊन द्या. आणि नावं आहेत तशी राहू देत."

संध्याकाळी वाडीवर पोचले तेव्हा अक्का धारेला बसली होती. म्हटलं, तुझ्या नावाचा कागद आलाय. ती म्हणाली, "हात भरल्यात. वाच."

मी उंबऱ्यावर बसले. वाचलं, की या वर्षात शाळेतील सर्वाधिक ग्रंथ वाचल्याबद्दल, आणि मग तिचं पूर्ण नाव, आणि त्यापुढं छापलेलं, सहशिक्षिका.

चरवीतला आवाज थांबला. मला वाटलं, सवयीनं मी काहीतरी गिळलं असणार. म्हशीच्या पाठीआडून मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"परत वाच," अक्का म्हणाली.