हौसाबायचा दोन मुळांचा भोपळा

हौसाच्या हातचं कलम मरत नाही, असं रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या नर्सरीत सगळेच म्हणायचे. आपल्या जिते गावाहून सकाळच्या गाडीनं ती रोह्याला यायची आणि दिवसभर आंब्याची भेट कलमं बांधायची. दोन कोवळ्या फांद्यांची साल तासायची, ओली बाजू ओल्या बाजूला भिडवायची, वरून पट्टी आवळायची. काम करताना ती फांद्यांशी बोलायची, आणि फांद्या ऐकायच्या असा तिचा पक्का समज होता.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर नर्सरीशेजारच्या फरझानाचा नवरा अस्लम बोटीवरून सुट्टीवर आला. येताना त्यानं कुठल्याशा परदेशी बंदरातून भोपळ्याच्या बियांचं पाकीट आणलं. पाकिटावर एवढा थोरला भोपळा, आणि त्यावर एक गोरी बाई चक्क बसलेली. फरझानानं त्यातल्या चार बिया हौसाला दिल्या. तीन कुजल्या. चौथी जित्याच्या परसात उगवली खरी, पण हातभर वाढून पिवळी पडली. इथली माती तिला मानवत नव्हती. शेजारीच गावठी भोपळ्याचा वेल मात्र उंडग्या रेड्यासारखा माजला होता.

हौसाच्या डोक्यात आलं, या परदेशी सुनेला गावठी मुळाचं दूध पाजावं.

नर्सरीचा मुकादम पुंडलिक हे ऐकून पोट धरून हसला. वेल म्हणजे नुसतं पाणी, त्याला कुठलं कलम, असं त्याचं म्हणणं. पहिल्या खेपेला तो खरा ठरला. हौसानं आंब्यासारखीच पट्टी आवळली आणि जोड सडून गेला. तिनं सडका भाग छाटला, थोडं वर जाऊन दोन्ही वेलांची साल पुन्हा तासली, आणि या वेळी जुन्या लुगड्याची मऊ चिंधी सैल गुंडाळली. बाराव्या दिवशी चिंधी सोडली तर दोन्ही देठ एकजीव झालेले! मग तिनं गावठी वेलाचा शेंडा जोडाच्या वर कापून टाकला. आता मुळं दोन आणि शेंडा एक.

आठ दिवसांत परदेशी वेल हिरवागार झाला, कुंपणावर चढला, न्हाणीकडे वळला. पहिली मादी कळी उमलली त्या पहाटे हौसानं नरफूल खुडून स्वतःच्या हातानं तिच्यावर फिरवलं. फळ धरलं. रोज सकाळी ती सुतळीनं त्याचा घेर मोजायची, आणि रोज सुतळी अपुरी पडायची. आधी भोपळा कोंबडीएवढा, मग शेळीएवढा. नवरा विठू मिठागरावरून आला की आधी भोपळ्याभोवती फेरी मारायचा, मग चहा मागायचा. त्यानं खाली पेंढा घातला, वर मांडव घातला. हौसा कामावर निघाली की म्हणायचा, “बिनघोर जा गो. मी हाय त्याच्यापाशी.”

मार्चमध्ये रोह्याला शेतीमालाचं प्रदर्शन भरलं. सगळ्यांत वजनदार फळाला पहिला नंबर होता. भोपळा गोधडीत गुंडाळून विठू आणि त्याचा भाऊ रघू यांनी बांबूच्या झोळीतून स्टेशनवर नेला. बघणाऱ्यांना वाटलं, कुणी आजारी माणूस चाललंय. गाडीत एका म्हाताऱ्यानं उठून जागा दिली आणि हळूच विचारलं, कधीपासून पडून आहेत? हौसाला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती म्हणाली, “डिसेंबरपासून.” मग गोधडी जराशी सरकली आणि अख्खा डबा रोह्यापर्यंत खिदळत गेला.

काट्यावर भोपळा एकाहत्तर किलो भरला. फरझाना आनंदानं हौसाच्या गळ्यातच पडली. इतक्यात परीक्षकांनी विचारलं, हा वाढवला कसा? हौसानं सगळं खरं सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला. नियम होता, एका रोपाचं एक फळ. दोन मुळांचं फळ बाद. पहिला नंबर कुणाच्यातरी दुधीला गेला.

फरझाना चिडली. पण हौसाचं तिकडे लक्षच नव्हतं, कारण नंबराच्या दुधीपाशी कुणी थांबत नव्हतं आणि तिच्याभोवती रेटारेटी चालली होती. मुख्य परीक्षकही गर्दीत शिरले आणि म्हणाले, “बाई, नंबर नाही देता येत. पण ते बांधायचं कसं, एवढं दाखवाल का?”

बाकावर उभी राहून, कारल्याचे दोन वेल हातात घेऊन, हौसानं साठ-सत्तर माणसांना भेट कलम शिकवलं. पुढं उभ्या पुंडलिकाकडे तिनं वेल धरायला दिले. तो ते धरून राहिला. शेवटी म्हणाला, “हौसाबाय, चिंधी सैल का, ते परत एकदा सांग.”

संध्याकाळी भोपळा फरझानाच्या अंगणात कोयत्यानं फोडला. आत केशरी गर, आणि मूठभर टपोऱ्या बिया. चुलीवर कढई चढली. घारगे तळून होईपर्यंत कुणाला धीर नव्हता. विठूनं नऊ खाल्ले आणि दहावा हातात घेऊन अस्लमला मिठागराच्या गोष्टी सांगत बसला. शिकून गेलेले शेतकरी विचारत विचारत अंगणात येत होते, घारगा खात होते, बी मागत होते. हौसा प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बी ठेवत होती आणि बजावत होती, “एकटी लावू नको. बाजूला आपली गावठी लाव.”