मतपत्रिकेवरचा मराठी एक

प्रत्येकीच्या सिंकखाली पिशव्यांची एक पिशवी असते ना, टाकवत नाहीत म्हणून कोंबून ठेवलेली? माझ्याकडे किस्से तसे साठतात. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समधली आमची गल्ली पुढे बंद आहे, त्यामुळे आलेली प्रत्येक गाडी माझ्या किचनच्या खिडकीसमोरच वळते. मी मुद्दाम बघत नाही हो, दिसतं! पण यंदाचे किस्से आठवले की हसू यायच्या आधी भीती वाटते.

आमच्या भागात कौन्सिलवर कायम एकाच पक्षाचा माणूस निवडून येतो. म्हणजे खरी निवडणूक आधीच होते, पक्षाने उभं कोणाला करायचं त्याची. सिलेक्शन म्हणतात तिला. आणि त्यात मत फक्त पक्षाच्या मेंबरांना! यंदा उभं राहायचं होतं विलासभाऊंना. गल्लीतली निम्मी घरं त्यांची. भाडेकरू सगळे आपलेच, पुण्या-नागपूरहून व्हिसावर आलेले. आणि प्रत्येक घराची दुसरी किल्ली भाऊंच्या खिशात.

आता कळलं, भीती कशाची ते?

*

भाऊ लॅपटॉप घेऊन घरोघर फिरले आणि दिसेल त्याला मेंबर करत सुटले. आमचं घर आमच्या मालकीचं, तरी मला ‘नाही’ म्हणवलं नाही.

शेजारच्या अश्विनीचा नवरा निखिल घाबरत म्हणाला, “भाऊ, आमच्या व्हिसाला काही होणार नाही ना?”

“व्हिसाला काय होतंय!” भाऊ हसले. “तुमचं घराचं कॉन्ट्रॅक्ट यंदा संपतंय ना? ते बघू सिलेक्शन झाल्यावर.”

निखिलने एक अक्षर न वाचता क्लिक केलं.

*

आमचे हे त्या दिवशी ड्यूटीवर होते. मागाहून मेंबर झाले, तर कळलं की मेंबर होऊन सहा महिने झाल्याशिवाय मत नाही. ह्यांचे सहा महिने थोडक्यात हुकले. ह्यांनी तणतणत पक्षाच्या ऑफिसला फोन लावला.

“वीस वर्षं तुमच्याच पक्षाला मत देतोय मी! आणि उमेदवार निवडताना मला विचारणार नाही?”

पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, “पण तुम्ही खऱ्या निवडणुकीत मत देऊ शकता ना, सर!”

“कोणाला?”

“आम्ही निवडू त्यांना!”

*

सिलेक्शनच्या दिवशी कम्युनिटी हॉल भरला. नियम असा की तिन्ही उमेदवारांची भाषणं पूर्ण ऐकायची. मधेच बाहेर गेलात तर मत गेलं. आमच्या पटवर्धन काकांना, तेही भाऊंचेच भाडेकरू, डायबेटिस. दुसऱ्या भाषणातच ते चुळबुळायला लागले. दारावरच्या बाईंना त्यांनी खुणेने विचारलं. बाईंनी वर्गातल्या मॅडमसारखी मान हलवली.

“अहो, जा तुम्ही,” मी कुजबुजले. “मत राहू दे.”

“वेडी आहेस का?” काकांचा चेहरा पांढराफटक. “भाऊ मोजतायत! मी उठलो की त्यांना वाटेल, विरोधात गेलो!”

बिचारे तिसरं भाषण होईपर्यंत डोळे मिटून बसले. भाषण करणारी जोन, पलीकडच्या रस्त्यावरची रिटायर्ड मास्तरीण. तिला वाटलं, किती मन लावून ऐकतायत! खाली उतरल्यावर तिने खास त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले.

सोडेचना हो हात!

*

मग मतदान. कागदावर नावांपुढे आवडीच्या क्रमाने एक, दोन, तीन आकडे घालायचे. मत गुप्त. पण भाऊ पेटीशेजारीच उभे! कागद टाकणाऱ्या प्रत्येकाला नावानिशी हाक. “या निखिलशेठ! अश्विनी, बाळ झोपतं ना नीट आता? हीटिंग चालतंय ना घरातलं?”

अश्विनीने कागदाच्या इतक्या घड्या घातल्या, की तो पेटीच्या फटीत जाईना.

भाऊंनी स्वतःचं मत टाकलं, त्यांच्या पाठोपाठ सुमनवहिनी. त्यांच्या मिसेस, अगदी अबोल बाई. त्यांनी कागद टाकला तेव्हा भाऊंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. घरचंच मत!

*

मोजणी करत होते टायवाले एक इंग्रज आजोबा. तिसरा उमेदवार मागे पडला, भाऊ आणि जोन बरोबरीत आले, आणि शेवटचा एक कागद हातात धरून आजोबा थांबले.

“कोणीतरी जोनला नऊ नंबर दिलाय. पण उमेदवार तर तीनच आहेत!”

भाऊ पुढे झाले. कागद बघितला. मान अशी हळू वर केली, आणि आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, “नऊच आहे. बाद करा.”

आता मला गप्प बसता येतं का? मीही डोकावले होते.

“नऊ कुठला! एक आहे तो! आमचा मराठी एक!”

आजोबांनी खुशीत मान डोलावली. जोन एका मताने जिंकली. इंग्रज मंडळी टाळ्या वाजवत होती, आणि आपली सगळी माणसं एकमेकांच्या हातांकडे बघत होती.

*

त्यानंतरचे दिवस आठवले तरी काटा येतो. भाऊ तो मराठी एक कोणाचा ते शोधत फिरायला लागले. रोज कुणाकडे तरी चहाला जायचे आणि निघताना म्हणायचे, “जरा तुमचा नंबर लिहून द्या बरं.” मोबाइल खिशात असताना! पटवर्धन काकांनी इतके ठसठशीत इंग्रजी आकडे काढले, की कागद फाटून पेन टेबलात रुतलं.

सगळा संशय अश्विनीवर. कारण रविवारच्या मराठी शाळेत मुलांना आकडे तीच शिकवते! कॉन्ट्रॅक्ट संपायला आठवडा उरला, भाऊ फोन उचलेनात. पोरगी माझ्या किचनमध्ये येऊन रडली.

“काकू, मी नाही हो लिहिला तो एक!”

“मग सांग ना त्यांना, की मी तुम्हालाच मत दिलं.”

“तसं कसं सांगू? दिलं जोनलाच. पण इंग्रजी एक लिहिला मी!”

तेवढ्यात बाहेर भाऊंची गाडी वळली. दोघी खाली वाकून, ओट्याआड बसलो. माझ्या स्वतःच्या घरात!

*

त्याच शनिवारी भाऊंच्या नातीचा पाचवा वाढदिवस. न जाण्याची कोणाची छाती! सगळे भाडेकरू भिंतीला टेकून उभे. अश्विनी बाळाला छातीशी धरून दाराजवळ. भाऊंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

सुमनवहिनी आतून केक घेऊन आल्या. घरी केलेला, आयसिंगही त्यांच्याच हातचं. टेबलावर ठेवला.

नात वाकून बघायला लागली. “आजी, माझी केकवर हे कुठला नंबर आहे?”

गुलाबी क्रीममध्ये, ठळक, वळणदार ५.

निखिलच्या हातातला वेफर तसाच राहिला. पटवर्धन काकांनी खुर्ची घट्ट धरली. भाऊ सुरी हातात घेऊन केककडे बघतायत, मग वहिनींकडे, पुन्हा केककडे.

“पाच आहे गं राणी,” वहिनी म्हणाल्या. मग पदराला हात पुसून भाऊंकडे वळल्या.

“अहो, असे उभे काय? केक कापा. आणि मग त्या अश्विनीच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करा. थांबा, पेन देते मी.”