चढ बसून, उतार पायी

कुणीही बाई "अहो" म्हणाली, की काका वळून पाहायचे. हडपसरच्या भाजीबाजारात हे नेहमीचंच. एखादी बाई गर्दीत पुढे गेलेल्या नवऱ्याला हाक मारायची आणि मेथीची जुडी हातात धरून काका मागे वळायचे. भाजीवाल्या हसायच्या. "तुम्हाला न्हाई वो, तिच्या मालकाला बोलावतीय!"

"आसंल," काका म्हणायचे. "बघून घेतल्यालं बरं."

ते आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. आमच्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच. त्यासाठी जुनी सायकल घेतली, तर काका म्हणाले, "रविवारी माझ्यासंगं चल. पायात बळ येईल." दर रविवारी सकाळी ते दिवे घाट चढून सासूबाईंना भेटायला जात.

त्यांची सायकल काळी, बिनगिअरची, मागे रुंद कॅरियर. घाटात हेल्मेटवाली मुलं भारी सायकलींवरून आम्हाला मागे टाकायची. एकाने विचारलं, "काका, गिअर नाहीत का?"

"दोन हायेत की." काकांनी गुडघ्यांवर थाप मारली. "डावा जरा कुरकुरतो."

चढावर कधी न उतरणारा हा माणूस परतताना मात्र घाटमाथ्यावर उतरायचा आणि सायकल हातात धरून तळापर्यंत चालायचा. मला वाटलं, ब्रेक लागत नसतील. दुरुस्तीला टाकू का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरच्या जत्रेहून दोघं परतत होते. बायको मागे कॅरियरवर, एका बाजूला पाय सोडून. पुढेमागे अशीच कितीतरी जोडपी सायकलींवर. उतारावर वाऱ्यातून लांबून "अहो" ऐकू आलं.

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी बायको. माझी तर पाठीशी बसल्याली. आन् 'अहो' काय, समद्याच म्हणत्यात. नाव घेतलं आसतं तर कळलं आसतं. पर नाव घ्यायची न्हाई ती."

पुढची दोन वळणं ते तिच्याशी बोलत राहिले. दिवाळीला साडी कुठल्या रंगाची घ्यायची, ते विचारत होते. उत्तर येईना, म्हणून मागे पाहिलं.

ती वरच्या वळणावरच पडली होती. मागून ट्रक आला होता.

तेव्हापासून सासूबाई त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. काका पाणी भरायचे, सरपण फोडायचे. त्यांच्यापुढे भाकरी यायची, पण मुक्यानेच. मी तिथे असलो तर मला विचारत, "आणखी वाढू का?" काकांना नाही. चढावर धाप लागली, की काका म्हणायचे, "एकदा बोलू देत. शिव्या दिल्या तरी चालंल."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. त्यांच्याविषयी लिहावं की नाही, हे मला अजून नीट कळत नाही. पण काका आता नाहीत, आणि एक रविवार काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्ही निघालो होतो. सासूबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. थकल्या होत्या खूप. काकांच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाल्या, "पाव्हणं, उतारावर बसून जावा. लोकं सांगत्यात मला. किती वर्सं चालाल?"

काकांनी नुसती मान हलवली. घाटमाथ्यापर्यंत ते सायकल चालवत आले. तिथे थांबले. सीटवर बसूनच, एक पाय जमिनीला टेकवून खाली बघत राहिले. मला इतका आनंद झाला होता, की मी पायडल मारून पुढे निघालोही. वळून पाहिलं, तर ते उतरले होते.

मी परत आलो. "काका, आता तर बोलल्या की त्या!"

"त्या बोलल्या," काका म्हणाले. "ही कुठं काय बोलली?"

मग एक हात हँडलवर आणि एक रिकाम्या कॅरियरवर ठेवून ते घाट उतरू लागले. मीही चालतच मागे. ट्रकचा आवाज आला, की काका सायकल कडेला सरकवायचे आणि स्वतः रस्त्याच्या बाजूला येऊन उभे राहायचे, ट्रक आणि कॅरियरच्या मधे.