आमच्या माशाचा उपास

मंडळी, आज मी चक्क मासा घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

आमचा गोल्डफिश सकाळपासून पोट वर करून तरंगत होता. भाईंदर पूर्वेहून काशीगावला रिक्षाने निघालो, मांडीवर पाण्याची बरणी.

डॉक्टरांनी विचारलं, "याला खायला कोण घालतं?"

"मीच, सकाळी एकदा."

"घरी विचारा."

फोन केला. बाबा फिरायला जाताना घालतात, आई पूजेनंतर आणि मुलगी शाळेतून आल्यावर.

"पोट फुगलंय. दोन दिवस काहीच देऊ नका."

घरी हे सांगितलं. आठवड्यातून दोन उपास करणारी आई टाकीजवळ गेली.

"उपासाचं थोडं काहीतरी चालत असेल ना रे त्याला?"

खाद्याचा डबा आता माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे. तुमच्याकडे कुठे लपवता?