कर्नेलमधला गणपती

जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं वाळवायच्या यंत्रांचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी काम करतो. कंट्रोलर म्हणजे पत्र्याच्या डब्यातला छोटा संगणक. शेठने यंदा कमी मेमरीचे बोर्ड उचलले आणि माझ्या गळ्यात मारले. लिनक्सचं कर्नेल, म्हणजे सगळा डोलारा ज्यावर उभा राहतो तो गाभा, त्यात काही केल्या मावेना.

कर्नेलमध्ये काय हवं, काय नको, हे आधी ठरवता येतं. नको त्यापुढची खूण काढायची आणि सगळं पुन्हा बांधायचं. आवाज काढला, ब्लूटूथ काढलं, जगातल्या यच्चयावत कॅमेऱ्यांची सोय काढली. दर वेळी संगणक घरघरत राहायचा आणि मी चहा ढोसत बसायचो. अक्षरशः वीट आला होता. शेवटी काढण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या: सुरू होताना पडद्यावर येणारा गणपती आणि कर्नेलचे संदेश.

या संदेशांवर माझी कंबर टिकून होती. जुन्या डब्यांत यंत्र अडलं की पडद्यावर कारण उमटायचं, तिथला माणूस ते फोनवर वाचून दाखवायचा आणि मी घरबसल्या उपाय सांगायचो. कंबर गेली, मोटारसायकल बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

शेठला म्हणालो, गणपती जरा नंतर दाखवू, दुसऱ्या प्रोग्राममधून. काही सेकंदांचाच फरक पडेल.

"बिलकुल न्हाई. लोकं बटण दाबून हात जोडून राह्यलेत. आधी गणपती, मंग बाकीचं. तुमचं ते इंग्रजी काढा की, कोण वाचून राह्यलंय ते?"

माझ्यासाठीच वाचत होते. पण वाद घालायचं त्राण नव्हतं. संदेश काढले, कर्नेल मावलं, शेठने पेढे वाटले. मला तो पेढा गोड लागला नाही.

मग आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीहून फोन आला. नव्या डब्याचं यंत्र अडलेलं, आत ओलं बियाणं.

"पडद्यावर काय दिसतंय?"

"गणपती दिसून राह्यला, साहेब."

"त्याच्या खाली?"

"खाली काहीच न्हाई."

कंबरेला पट्टा आवळून निघालो. खड्ड्याखड्ड्याला शेठचा उद्धार करत पोचलो, तेव्हा नीट उभंही राहता येईना. यंत्रावरचा माणूस आशेनं माझ्याकडे बघत होता. पडद्यावर गणपती अगदी लख्ख होता. मी हात जोडले. दुसरं काही करण्यासारखं त्या डब्यात मी ठेवलंच नव्हतं.