फुगीर दारू संपली तेव्हा

ऑर्व्हल ह्रुस्काला गावात कुणी भित्रा म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी सरळ विचारते, तू कधी भर मैदानात शंभर माणसांसमोर स्वतःची चूक ओरडून सांगितली आहेस का? नाही ना? मग गप्प बस.

ऑर्व्हल आमच्याच गल्लीतला. मोनोंगहेला नदीकाठच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभा राहिला. कारखाना बंद पडला तसा घरी बसला. बायको वारली. मुलगी ट्वायला, वय एकोणतीस, सपाट मालवाहू बोटी बांधणाऱ्या गोदीत वेल्डर आहे. पिस्तुलाच्या स्पर्धांमध्ये उतरते, आणि तिची काडतुसं बाप तळघरात स्वतः भरतो. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, बंदुकीची दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची. आमच्याकडे निम्म्या घरांत हे चालतं, काकड्या खारवाव्यात तसं.

पण दारू निवडायची म्हणजे खेळ नव्हे. कमी जोराची निघाली तर पिस्तुलाचा वरचा भाग पुरता मागे जात नाही आणि पुढचं काडतूस अडकतं. जास्त झाली तर पिस्तूल हातातच फुटतं. ऑर्व्हल वीस वर्षं एकच दारू वापरायचा. मोठ्या पाकळ्यांची, फुगीर. यंत्राचा दांडा एकदा ओढला की एक माप पडायचं, आणि तेवढ्यातच पुंगळी अर्ध्याच्या वर भरायची. चुकून दुसरं माप पडलंच तर दारू उतू जाऊन टेबलावर सांडायची. "माझी चूक मला दिसली पाहिजे," एवढंच त्याचं म्हणणं.

त्या वर्षी मार्चपासून ती दारू मिळेनाशी झाली. दुकानातली फळी रिकामी. जूनमध्ये राज्याच्या संघाची निवड होती, सहाच जण घेणार होते. विकतच्या काडतुसांवर ट्वायलाचा हात बसत नव्हता. शेवटी दुकानवाल्या गेलने बारीक दाण्याच्या दारूचा डबा पुढे सरकवला.

"ही ने. चिमूटभर पुरते. एक डबा दुप्पट चालेल."

"चिमूटभर पुरते हीच तर भानगड आहे."

"मग पोरीला गलोल घेऊन दे!"

रांगेतले सगळे हसले. ऑर्व्हलने डबा उचलला.

आता माझा भाग. गॅस कंपनी आमच्या ओढ्यात घाण पाणी सोडत होती आणि मी सह्या गोळा करत होते. गुरुवारी दुपारी त्याच्या तळघराच्या दारावर नेहमीची पाटी होती. ‘यंत्र चालू आहे. घराला आग लागली असेल तरच हाक मारा.’ मी पाटी वाचली आणि तरी दार बडवलं. ओढा जळायला लागला तर हे लोक पाट्याच लावत बसणार, असं काहीतरी बडबडलेही. तो वर आला, सही केली, खाली गेला.

शनिवारी सकाळी मी अर्जाची प्रत द्यायला गेले तेव्हा दार उघडं होतं. तो सरावाची काडतुसं भरत होता. बोलता बोलता त्याचा हात थांबला.

"रेनाटा, गुरुवारी तू दार बडवलंस तेव्हा मी दांडा आधीच ओढला होता का?"

"मला काय माहीत? मी बाहेर होते."

त्याने रिकामी पुंगळी लावली आणि दांडा ओढला. मग पुन्हा ओढला. दुसरं मापही आत गेलं. टेबलावर कण सांडला नाही.

"बघ. दोन्ही गिळली."

"अरे, पण तू आत बघतोस ना?"

"वीस वर्षं बघावंच लागलं नाही." त्याने दांडा सोडला. "गुरुवारची दोनशे काडतुसं ट्वायलाच्या पेटीत आहेत. आज निवड आहे, आणि ती आत्ता मैदानावर आहे."

फोन केला. वाजत राहिला. नेमबाजीला उभं राहिलं की कानांवर झाकणं, फोन गाडीत. माझा ट्रक काढला. मैदान वीस मिनिटांवर, जुन्या कोळशाच्या खाणीत. वाटेत तो एकदा म्हणाला, "कदाचित ओढला नसेलही."

"मग वळवू?"

"चालव. उजव्या हाताने वेल्डिंग करते ती."

खाणीच्या तोंडाशीच आवाज ऐकू येऊ लागले. ठो, ठो. प्रत्येक आवाजाला त्याचे खांदे उडत होते. ट्रक थांबायच्या आत त्याने उडी मारली.

मैदानाचा एक नियम आहे. धोका दिसला तर कुणीही गोळीबार थांबवा म्हणून ओरडावं आणि सगळ्यांनी थांबावं. जन्मात कधी आवाज न चढवलेला ऑर्व्हल असा ओरडला की खाण घुमली.

"थांबवा! गोळीबार थांबवा!"

सगळी पिस्तुलं खाली गेली. पंच धावत आला. "काय झालं?"

"माझ्या मुलीच्या पेटीत दुप्पट दारूचं काडतूस असेल. मी भरलंय. मी आत बघितलं नाही."

ट्वायलाने कानांवरची झाकणं उपटली. "असेल? असेल म्हणजे काय, बाबा? मी दुसरी आहे! दुसरी!"

"किती झाडलीस?"

"एकसष्ट."

"हात दाखव."

"आहे हात जागेवर!"

उरलेल्या फेऱ्या ती उसन्या काडतुसांवर खेळली, आणि ती तिच्या पिस्तुलात दोनदा अडकली. ती दुसरीवरून अकरावी झाली. संघातली जागा गेली.

उरलेली एकशे एकोणचाळीस वजनावरून ओळखता येईनात. पुंगळ्या दहा ठिकाणच्या, एकीचं वजन दुसरीशी जुळत नाही, त्यात चिमटीभर दारूचा फरक लपून जातो. मग एकच उपाय, फोडणं. काडतूस पकडणारी पोकळ हातोडी असते, ती आपटली की गोळी सुटते. क्लबातल्या चौघांनी आपापल्या हातोड्या आणल्या आणि बसले ठोकत. ऑर्व्हल एकेकाची दारू काट्यावर टाकत होता. ट्वायला हाताची घडी घालून मागे उभी.

"पुढच्या वेळी वाळू भर, ऑर्व्हल," एकजण म्हणाला. मी उठलेच होते. ऑर्व्हलने माझी बाही धरून मला खाली बसवलं.

शेवटचंही फोडून झालं. प्रत्येकात एकच माप.

"म्हणजे काही नव्हतंच," ट्वायला म्हणाली.

"नव्हतं."

"उगाच घालवलंस सगळं."

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला अजून कळलेलं नाही. ती स्वतःची गाडी काढून निघून गेली. घरी आल्यावर त्याने तो बारीक दारूचा डबा अंगणातल्या गवतावर रिकामा केला. मी म्हटलं, अरे, बॅटरी मारून नीट बघत भर की, सगळं जग भरतं. म्हणाला, "सगळं जग भरू दे. मला उतू जाणारीच पाहिजे."

दहा दिवस बापलेकीचं बोलणं नव्हतं. अकराव्या दिवशी आम्ही पायरीवर बसलो होतो. ट्वायला आली आणि धुतलेल्या पुंगळ्यांची बादली त्याच्यासमोर ठेवली.

"फुगीर मिळाली?"

"नाही अजून."

"मग राहू देत इथेच," ती म्हणाली आणि आत कॉफी टाकायला गेली.